दोन शालनताई

"डावीकडच्या पडद्यावर गर्भाशय काढलेल्या शालनताई, उजवीकडे औषधाची तांबी बसवलेल्या," डॉक्टरबाई म्हणाल्या. "दोघीही पाच वर्षांनंतरच्या तुम्हीच. विचारा त्यांना."

सारखं अंगावरून जाऊन पांढरीफटक पडलेली शालन पुढे सरकली. घरातलं तिचं रोजचं बोलणं ऐकवूनच यंत्राला या दोघी शिकवल्या होत्या.

"मी काय करू गं?" तिने डावीला विचारलं.

"तुम्ही म्हणाल तसं," डावी हसून म्हणाली.

घाबरून तिने उजवीला विचारलं. उजवीने पदर सावरला आणि तेच म्हणाली.

"काढूनच टाका," शेजारी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या. "कायमची कटकट मिटेल."

डॉक्टरबाईंनी शालनकडे पाहिलं. "तुम्ही बोला."

शालनने तोंड उघडलं, आणि ओठांवर आलेलं वाक्य ओळखून दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरलं.