न पुसलेल्या भिंती

एजंटने स्वयंपाकघराच्या भिंतीला यंत्र लावलं, आणि तिच्यात वर्षानुवर्षं साठलेले आवाज ऐकू येऊ लागले: शालनताईंच्या नवऱ्याचं ओरडणं, ताट आदळणं, त्यांचा दाबलेला हुंदका. याआधी घर विकत घ्यायला आलेली गिऱ्हाइकं इथूनच परत गेली होती.

“ताई, भिंतींतले आवाज पुसून घ्या. सगळेच घेतात. आणि आता तर साहेबही राहिले नाहीत,” एजंट कुजबुजला.

“शेजारी विचारायचे, तेव्हा मीच सांगायचे, काही नाही, भांडं पडलं. आता पुन्हा खोटं बोलणार नाही,” शालनताई म्हणाल्या.

घर बघायला आलेल्या तरुणाने बायकोचं मनगट ओढलं. “चल. पुसलेलं घर बघू.”

तिने मनगट सोडवून घेतलं आणि भिंतीवर तळहात टेकला.

“घर घ्यायचं तर हेच,” ती म्हणाली. “आणि भिंती पुसायच्या नाहीत.”