चौथा स्क्रू

“बॉडी बघायला आलेय,” ती म्हणाली.

जुन्या वाद्यांच्या दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं. “बघायला, की ओळख पटवायला?” आणि स्वतःच्याच विनोदावर तो खदाखदा हसला.

तिलाही हसू आलं. पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेला गिटारचा नेक, म्हणजे तारा ताणायची लांब दांडी, काढून तिने काउंटरवर ठेवला. घरी बनवलेली इलेक्ट्रिक गिटार ती, जुन्या टेबलाच्या फळीतून कापलेली. स्टुलावरून पडायचं निमित्त झालं आणि नेक बसतो नेमकी तिथेच बॉडी उभी चिरली. नवीकोरी घ्यायची ऐपत नव्हती, आणि दादा तर पुढच्या महिन्यात येणार होता. आला की दोघांनी मिळून वाजवायचं, असं त्याने स्वतःच लिहिलं होतं. आपली गिटार घेऊन बंदरावर नोकरीला गेल्यापासून तो फोनवर तासन्‌तास बडबडायचा. हल्ली मात्र फोन उचलायचा नाही, नुसतं लिहायचा. इथे आवाज नीट येत नाही म्हणे. आईला तेवढंही पुरे होतं. त्याचा मेसेज लेकीकडून वाचून घ्यायचा आणि मग निवांत पाठ टेकायची.

दुकानदाराने एकेक बॉडी पुढे टाकली. पहिली उचलताच कळलं, सगळा दाबलेला भुसा. दुसरीची नेक बसवायची खाच एवढी रुंद की नेक त्यात पडायला आलेल्या दातासारखा हलला. तिसरी बरी होती. स्वस्त होती, वजनालाही हलकी. पण स्क्रूची तीन भोकं जुळली आणि चौथं काही केल्या जुळेना.

“तुमच्या नेकचंच भोक वाकडं आहे हो! कुठल्या शहाण्याने पाडलं हे?”

“माझ्या दादाने,” ती म्हणाली, आणि ते सांगताना तिला चक्क अभिमान वाटला.

दोघांनी तेव्हा एकदम दोन गिटारी केल्या होत्या, एक त्याची, एक तिची. भोकांसाठी प्लायचा साचा कापला. ड्रिल मारताना साचा किंचित सरकला, आणि दादासाहेबांच्या ते लक्षात आलं तोवर दोन्ही गिटारींना भोकं पडून गेली होती. त्यामुळे दोन्हींचा चौथा स्क्रू तिरका. घरात मग ती म्हणच होऊन बसली. एकाने विचारायचं, “चौथा स्क्रू काय म्हणतो?” दुसऱ्याने सांगायचं, “वाकडा आहे, पण वाजतोय.” परीक्षेत नापास होवो, ताप येवो, नोकरी जावो, उत्तर ठरलेलं. दादाने ते कधी चुकवलं नव्हतं.

“भोक बुजवा आणि नवं पाडा. सोप्पंय,” दुकानदार म्हणाला.

“बुजवायचं नाहीये.”

“मग बसा जन्मभर शोधत!” तो करवादला. तरी वाकून त्याने काउंटरखालून एक काळी बॉडी ओढून काढली. “ही शेवटची. बंदराकडच्या भंगारात आली. काम घरगुती दिसतंय म्हणून कुणी हात लावत नाही. द्याल ते द्या.”

काळा रंग घाईने फासलेला होता, कडेला ओघळ तसेच सुकलेले. तिने खाचेत नेक ठेवला. बसला. पहिला स्क्रू गेला, दुसरा, तिसरा. चौथाही मुकाट्याने तिरका आत शिरला आणि शेवटपर्यंत गेला.

“अगं बाई! आंधळा मागतो एक डोळा...” ती आनंदाने म्हणाली, आणि तिचा हात स्क्रूवरच थांबला.

असं भोक जगात दोनच गिटारींना होतं.

तिने स्क्रू परत काढले. नेक उचलून खाचेत पाहिलं. तिथवर काळा रंग पोचला नव्हता. आत निळा होता, घराच्या मागच्या दाराला लावून उरलेला. तिने हट्ट केला म्हणून दादाने तो दोन्ही गिटारींना दिला होता.

“हिचा नेक कुठाय?”

“मोडलेला होता. टाकून दिला.”

“आणि हिचा मालक?”

“भंगाराला कसला आलाय मालक, ताई!”

दादा ही गिटार विकणं शक्य नव्हतं. पण वेळ काय कुणाला सांगून येते? अडचण आली असेल, विकली असेल, लाजेने लपवलं असेल. विकलेलीच असू दे रे देवा, तिने मनातल्या मनात हात जोडले. मग फोन काढून तिने लिहिलं, ‘दादा, गिटार कशी आहे तुझी?’

लगेच उत्तर आलं. ‘मस्त. आत्ताच वाजवत होतो.’

थाप मारतोय, ती स्वतःला म्हणाली. मारू दे. थाप मारायला तरी माणूस लागतोच की. घामेजलेली बोटं कुडत्याला पुसून तिने पुन्हा लिहिलं. ‘चौथा स्क्रू काय म्हणतो?’

या वेळी उत्तराला वेळ लागला. पलीकडे कुणीतरी लिहीत होतं, थांबत होतं, परत लिहीत होतं. दुकानदार सुतळी शोधत होता. “बांधून देऊ ना?” त्याने विचारलं. तिने मान हलवली की नाही, तिचं तिलाच कळलं नाही.

‘स्क्रू एकदम ठीक आहे. आईला सांग, काळजी करू नको.’

तिने ती काळी बॉडी पोटाशी घट्ट धरली. हातातला फोन पुन्हा थरथरला.

‘तू आत्ता कुठे आहेस?’