इडेलाच्या दारातली घरघर

मिसिसिपीत त्या काळी मृत्युदंडाची विजेची खुर्ची ट्रकमधून गावोगाव फिरायची. ती कोर्टात मांडली जायची आणि बाहेर ट्रकवरचा जनरेटर घरघरायचा. घरघर वाढली की आत माणूस गेला असं समजून अंगणात जमलेली माणसं टोप्या काढायची.

काल त्या खुर्चीत इडेलाचा नवरा होमर गेला. ज्या खुनासाठी त्याला ही शिक्षा झाली, तो झाला तेव्हा होमर इडेलाच्या भावासोबत नदीवर मासे धरत होता. पण तोच भाऊ, लूशियस, बायबलवर हात ठेवून कोर्टात म्हणाला, "मला काही आठवत नाही."

ट्रक सकाळीच निघून गेला. दुपारी लूशियस मक्याचा पाव घेऊन दारात आला, तेव्हा इडेलाला पुन्हा तीच घरघर ऐकू आली.

"ट्रक परत आला का रे?"

"नाही गं ताई, भास होतोय तुला." तो बोलला तशी घरघर वाढली. फडताळातल्या बशा किणकिणल्या. "माझा नाइलाज होता. मलाही बायकापोरं आहेत, ताई..."

तिनं त्याच्या तोंडावर हात दाबला. आवाज एकदम थांबला.

तिनं हात काढला. "आता सांग, मेल्या. त्या दिवशी होमर कुठं होता?"

लूशियसनं तोंड उघडलं.

बाहेर रस्त्यानं जाणारी माणसं चालता चालता थांबली, आणि एकेकानं टोपी काढली.