लोलकांचा पूल

“आता! बाबा, आता मारा उडी!” सून ओरडली.

सासऱ्यांनी बटण दाबलं, पण अंमळ उशिरा. पुलावरचा मधला लोलक फिरून परत आला आणि त्यांच्या वीराला ढाल-तलवारीसकट दरीत घेऊन गेला.

“गेला,” सासरे म्हणाले. “बिचारा गरीब स्वभावाचा होता.”

“गरीब कसला, आळशी होता. मी ‘आता’ म्हटल्यावर त्यानं विचार करायला घेतला.”

टीव्हीवरचा हा खेळ जुना, तो चालवणारं यंत्र त्याहून जुनं. खेळातला अर्धा नकाशा उजेडात होता, अर्धा काळोखात, आणि बरोबर मधोमध हा पूल. त्यावर तीन लोखंडी लोलक झुलायचे. ते चुकवत पलीकडे गेलं तरच पुढचा नकाशा उघडणार.

लग्नानंतर पंधरवड्यातच नवरा जहाजावर रुजू झाला होता. घरात उरले सून आणि सासरे, आणि एकमेकांशी काय बोलावं ते दोघांनाही सुचेना. जेवताना वाढू का, नको, एवढंच. मग एका संध्याकाळी सासऱ्यांनी कपाटातून हे यंत्र काढलं. “या पुलापाशी माझं घोडं पेंड खातं बघ,” ते म्हणाले होते. “आजवर कधी पलीकडे गेलो नाही. तू जरा शेजारी बसतेस का?”

तेव्हापासून ती रोज कामावरून आली की शेजारी बसायची. अट एकच, बटणं सासऱ्यांची आणि तोंड सुनेचं. वीर दरीत पडला की पुन्हा गावात यायचं, कंदिलात तेल भरायचं, खेचराला चारा घालायचा. खेचराचं नाव तिनं ‘जावईबापू’ ठेवलं होतं, कारण ते नुसतं खायचं आणि रुसायचं.

“स्वयंपाकघरातलं घड्याळ लंगडतंय,” सासरे मध्येच म्हणाले. “ऐक ना टिकटिक.”

तिला कुकरखेरीज काही ऐकू येत नव्हतं. पण सासऱ्यांचा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेला होता. दुकान बंद केलं तरी शेजारीपाजारी बंद पडलेली घड्याळं घेऊन यायचेच. डोळ्याला भिंग लावून ते केसाएवढी स्प्रिंग जागेवर बसवत, हात जरासुद्धा थरथरत नसे. त्याच हातांना एक बटण वेळेवर दाबता येऊ नये, याचं तिला हसूही येई आणि मायाही वाटे.

कुकर बंद करायला ती आत गेली तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला.

“सांगितलंस का बाबांना?”

“नाही. आणि मी जाणारही नाहीये.”

ती एका प्रयोगशाळेत दातांच्या कवळ्या बनवायची. पण मनात होतं ते कृत्रिम हात-पाय बनवायला शिकायचं. दूरच्या शहरातल्या एका मोठ्या इस्पितळात तिला तशी जागा मिळाली होती. शिक्षण दोन वर्षांचं. येते की नाही, ते उद्यापर्यंत कळवायचं होतं.

“अगं, वेडी आहेस का? लग्नाआधीपासून याच एका गोष्टीचा ध्यास घेतलायस तू.”

“हळू बोल,” ती स्वतःच कुजबुजत म्हणाली. “डोक्यावरचा चष्मा घरभर शोधतात रे ते. दूध उतू जाताना बघत उभे राहतात. त्यांना एकटं टाकून जाऊ? आणि मला तरी करमेल का त्यांच्यावाचून?”

“मग जाशील तरी कधी?”

“बाबा तो पूल ओलांडतील ना, त्या दिवशी बॅग भरीन,” ती डोळे पुसत हसली. “म्हणजे या जन्मी नाही.”

बाहेर खेळाचं संगीत थांबलेलं होतं. तिनं फोन ठेवल्यावर ते पुन्हा सुरू झालं.

ती चहा घेऊन आली, तेव्हा वीर पुलाच्या तोंडाशी उभा होता. “बस,” सासरे म्हणाले. “आज ‘आता’ म्हणू नकोस. माझं मला बघू दे.”

पहिला लोलक गेला. दुसरा गेला. तिसरा वीराच्या पाठीला वारा घालून गेला, आणि वीर पलीकडच्या काठावर उभा राहिला. जावईबापू मागोमाग निमूट चालत आले.

सुनेनं अशी किंकाळी फोडली की निम्मा चहा चादरीवर. “बाबा! जमलं की हो तुम्हाला!”

“जमतं गं,” ते चष्मा पुसत म्हणाले. “एकट्यालाही जमतं.”

मग तिला राहवलं नाही. तिनं सगळं सांगून टाकलं, इस्पितळ, दोन वर्षं, उद्याचा निरोप. सासरे ऐकून घेऊन म्हणाले, “मग बसलीस काय? बॅग काढ.”

निघताना त्यांनी ते यंत्रही जुन्या धोतरात गुंडाळून तिच्या बॅगेत कोंबलं. ती नको नको म्हणत होती. “मला घड्याळं आहेत,” ते म्हणाले. “काळोखातला अर्धा नकाशा तू बघ आणि मला फोनवर सांग.”

वसतिगृहातल्या पहिल्या रविवारी तिनं ते यंत्र खालच्या टीव्हीला जोडलं. पूल मागे राहिला आणि दलदल लागली. वीर चार पावलं टाकायचा आणि बुडायचा. शेवटी तिनं घरी फोन लावला.

“बाबा, पाय ठेवीन तिथे चिखल. आणि जावईबापू हटून बसलेत.”

पलीकडे सासऱ्यांचं कुणाच्या तरी घड्याळात डोकं होतं. चिमट्याचा बारीक आवाज येत होता.

“मग त्यांनाच पुढे घाल,” ते हातातलं काम न सोडता म्हणाले. “खेचराला वाट ठाऊक असते. आणि पुढे मनोरा लागेल, त्यात शिरण्याआधी कंदील विझव हं, नाहीतर वटवाघळं उठतात. पहिल्या खेपेला मीही तिथेच मेलो होतो.”