न पेलणारा डोंगर

“तुमचा राक्षस डोंगर उचलतोय की उशी?” असं म्हणत संपादकबाईंनी मुलांच्या पुस्तकासाठी तिने काढलेलं चित्र तिसऱ्यांदा परत केलं. मुलांना फसवणं मोठ्यांना फसवण्याइतकं सोपं नसतं, असंही त्यांनी ऐकवलं. आता जमलं नाही तर पुस्तक दुसऱ्या चित्रकाराकडे जाणार होतं, आणि तिला तर कितीतरी दिवसांनी पुस्तक मिळालं होतं.

ती तोंड पाडून घरी आली. राक्षस चांगला ताडमाड होता, दंड फुगलेले, अंग हिरवंगार. पण उभा असा, की जणू फोटो काढून घेतोय. तिने पाठीवर गादी घेऊन आरशात पाहिलं. बाजारात जाऊन हमालांना न्याहाळलं. ते पडले सराईत, ओझं घेऊनही तुरुतुरु चालत होते. तिला न पेलणारा भार हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा भाजी घेऊन जिने चढून आला. पिशवी खाली ठेवली तरी तो ओट्यावर हात टेकून वाकूनच उभा राहिला. मान खांद्यांत रुतलेली, तोंड अर्धवट उघडं. ओठांवर निळसर झाक, कपाळ राखेच्या रंगाचं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं स्वतःशीच म्हणत तिने कागद ओढला.

“हलू नकोस,” ती म्हणाली.

तो हलला नाही. एरवी तो अशा वेळी, मॉडेलला निदान चहा तरी मिळेल का, म्हणून छळायचा. आज नुसता हसला. ती रेघा ओढण्यात गुंग होती.

मग तिने हिरवा रंग काढूनच टाकला. राखाडीत निळा मिसळला, तसं राक्षसाचं अंग जड दिसू लागलं. ओठ आणि नखं तर हुबेहूब उतरली. संपादकबाई चित्राकडे बराच वेळ बघत राहिल्या. हा आता कोसळेल की काय अशी भीती वाटते, एवढंच म्हणाल्या आणि चित्र ठेवून घेतलं.

संध्याकाळी तिने चित्राची प्रत मोठ्या हौसेने नवऱ्यापुढे धरली. मान बघ, हात बघ, रंग बघ, असं एकेक दाखवत गेली. तो खुर्चीत बसला. राक्षसाच्या ओठांवरून त्याने हळूच बोट फिरवलं. आता काहीतरी थट्टा करणार, असं तिला वाटलं.

“म्हणजे डॉक्टरांनी तुला सांगितलंच,” तो म्हणाला. “मी हात जोडले होते त्यांना, घरी कळू देऊ नका म्हणून.”