चौथ्या कॉलमची रुंदी

"रुंदी चार कॉलमची दिलीयस," श्रुतिका म्हणाली. "मला तीनच ऐकू येतायत."

शेजारच्या खुर्चीत नमिताचा कीबोर्ड थांबला.

अंधेरीच्या त्या ऑफिसात कुठलंही वेबपान श्रुतिकाच्या कानांवरून गेल्याशिवाय बाहेर पडत नसे. ती जन्मापासून आंधळी. स्क्रीन रीडर तिच्या इयरफोनमध्ये पान वाचून दाखवी. जे ऐकू येत नाही ते नापास, असा तिचा साधा कायदा होता. नमिता पानं बनवायची, श्रुतिका तपासायची. रोज सकाळी स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत नमिता तिची वाट पाहत उभी असे. हात धरायचा नाही, कोपर पुढे करायचं, हे श्रुतिकाने तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यानंतर पुन्हा सांगावं लागलं नाही.

आजचं पान म्हणजे एक साधा तक्ता होता. ऑफिसला मिळालेल्या नव्या कंत्राटावरच्या माणसांची नावं, त्यांचं काम, वरिष्ठ कोण. सकाळच्या मीटिंगमध्ये साहेबाने, म्हणजे केतनने, तो मोठ्या पडद्यावर लावला तेव्हा खोली एकदम गप्प झाली होती.

"काय झालं गं?" श्रुतिकाने हळूच विचारलं होतं.

"काही नाही. एसी बंद पडलाय," नमिता म्हणाली होती.

मीटिंगनंतर मागच्या टेबलावरच्या निमेशने तिला चहा आणून दिला. निमेश स्वतःच्या वाढदिवसालाही कुणाला चहा पाजत नाही. जेवताना नमिताने आपल्या डब्यातली सगळी कोळंबी तिच्याकडे सरकवली. "माझं पोट भरलंय," म्हणाली.

आता पान जवळजवळ पास झालं होतं. कोडमधल्या चुका शोधणाऱ्या व्हॅलिडेटरने एकही चूक काढली नव्हती. रुंद्या तेवढ्या श्रुतिका दर वेळी स्वतः कोडमध्ये जाऊन वाचायची. नमिताला जुनी खोड होती, प्रत्येक चौकटीत वेगळी रुंदी कोंबायची. नियमात न बसणारी. ती खोड श्रुतिकानेच मोडली होती. कॉलमची रुंदी एकदाच सांगायची, वर, पानाची सगळी मांडणी जिथे लिहितात त्या स्टाइलशीटमध्ये. आज नमिताने अगदी तसंच केलं होतं. चाळीस टक्के, वीस, वीस. आणि आणखी वीस.

"जुना राहिला असेल गं," नमिता म्हणाली. "पास कर ना यार. केतन डोकं खातोय."

"राहिला असेल तर काढते."

"मी काढते. दे इकडे."

नमिताचा हात श्रुतिकाच्या कीबोर्डवर आला. तो आजवर कधीच आला नव्हता.

श्रुतिकाने आपला हात हलवला नाही. बाणाचं बटण दाबत ती एकेक ओळ खाली ऐकत गेली. चौथ्या कॉलमच्या प्रत्येक चौकटीला एक खूण लावलेली होती. त्या खुणेचा अर्थ, स्क्रीन रीडरने हे वाचू नये. बघणाऱ्याला दिसेल, ऐकणाऱ्याला कळणार नाही. ही खूणही तिनेच नमिताला शिकवली होती. पानांवरच्या वेलबुट्टीसाठी, रेघांसाठी. "नुसती शोभा माझ्या कानात कशाला?" ती म्हणाली होती, आणि दोघी हसल्या होत्या.

"श्रुती, ऐक ना," नमिताचा आवाज खाली आला. "शुक्रवारी मी सांगणारच होते तुला. केतन म्हणाला, आत्ताच नको..."

"सकाळी एसी चालू होता," श्रुतिका म्हणाली. "माझ्या मानेवर वारा येत होता."

नमिताचा हात कीबोर्डवरून मागे सरला.

श्रुतिकाने पहिल्या चौकटीतली खूण पुसली. मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. शेवटची पुसून झाल्यावर तिने इयरफोनची वायर उपटली आणि आवाज वाढवला. आजूबाजूचे कीबोर्ड एकेक करून बंद पडले. निमेशची खुर्ची करकरली आणि थांबली.

स्क्रीन रीडरला सुतक कळत नाही, सोयरही कळत नाही. सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा सपाट आवाजात त्याने वाचलं:

"ओळ सहा. नाव, श्रुतिका परब. काम, पानांची तपासणी. वरिष्ठ, केतन. एक तारखेपासून हे काम कोणाकडे, नमिता."