साठ ते नव्वद

इमारतीतल्या सगळ्यांच्या वयांचे दहा-दहा वर्षांचे गट पाडून नातीने गृहपाठाचा उभ्या स्तंभांचा आयतालेख काढला. आजोबांनी चष्मा सावरला.

"हा टोकाला एकटाच कोण उभा आहे?"

"तुम्ही. ऐंशी ते नव्वद."

"एवढं लांब? मी काय कुणाचं घोडं मारलंय?"

"सत्तर ते ऐंशीत कोणीच नाही, आजोबा."

"होता की! रडीचा डाव खेळणारा वरचा मास्तर. गेल्या महिन्यापर्यंत होता."

नातीने खोडरबर घेतलं. साठीतल्या अकरा जणांत आजोबांना घालून साठ ते नव्वद असा एकच रुंद स्तंभ काढला.

वहीत लाल शेरा आला: 'गटांची वर्गांतरं असमान. एक गुण वजा.'

आजोबांनी तो दोनदा वाचला. "एका गुणात अकरा जणांची सोबत? स्वस्तात पडलं की गं!"